युगोस्लाव्हियाचे सध्याचे अध्यक्ष कोण?

१९८४ च्या जूनमध्ये मी एका बँकेच्या क्लार्कच्या लेखी परीक्षेला बसलो होतो. सामान्यज्ञानात प्रश्न आला : युगोस्लाव्हियाचे सध्याचे अध्यक्ष कोण? खाली चार नावं. मी मिका श्पिल्याकवर खूण केली आणि गालातल्या गालात हसलो. असला प्रश्न आपल्याशिवाय अख्ख्या सोलापुरात कुणाला येणार? फेब्रुवारीत सारायेव्होच्या हिवाळी ऑलिंपिकचं उद्घाटन याच श्पिल्याकनं केलं होतं, पेपरात वाचलेलं. (तेव्हा आम्ही 'स्पिलजाक' म्हणायचो. त्या ज चा उच्चार य होतो हे परवा नातवानं मोबाईलवर ऐकवलं तेव्हा कळलं.) बाहेर आल्यावर लिंबू सरबताच्या गाड्यापाशी एका पोरानं माझी हवा काढली.

"बदलला की बे तो. मागच्याच महिन्यात. आता ज्युरानोविच."

पोरगं बरोबर होतं. १५ मे १९८४ ला श्पिल्याकचं वर्ष संपलं होतं. माझं पुस्तक नवी पेठेत फुटपाथवर चार रुपयांना घेतलेलं, आदल्या सालचं.

बँक काही मिळाली नाही. एका मार्कानं गेली, असं मी चाळीस वर्षं सगळ्यांना सांगत आलोय. खरं म्हणजे किती मार्कांनी गेली ते कधी कळलंच नाही. मग अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात दिवाणजी म्हणून चिकटलो तो रिटायर होईपर्यंत. सुताचा हिशेब, कामगारांची उचल, शनिवारचा पगार. पण तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. सुट्टीच्या दिवशी हिराचंद नेमचंद वाचनालयात बसून मी त्या देशाचे अध्यक्ष एका लाल वहीत उतरवायला लागलो. दर १५ मेला एक नाव. पाठ करायला पाढाही केला : कोमिक्रा, स्तांश्पिज्यु, व्लाहा, मोदि, द्रयोमे. कोलिशेव्स्की, मियातोविच, क्रायगर, स्तांबोलिच, श्पिल्याक, ज्युरानोविच, व्लायकोविच, हसानी, मोयसोव्ह, दिझ्दारेविच, द्रनोव्शेक, योविच, मेसिच. आमच्या लग्नाची तारीख १७ मे. द्रनोव्शेकचा वाढदिवसही १७ मे. मला ती तारीख कशामुळे लक्षात राहते हे घरात अजून सांगितलेलं नाही.

मुळात इतके अध्यक्ष का झाले? तर टिटो एकटाच फार वर्षं झाला म्हणून.

त्याच्या आधी एक होते, इव्हान रिबार, वकील. त्यांचं नाव कुठल्याच गाईडमध्ये नसायचं. महायुद्धात दोन्ही मुलं गेली, बायकोलाही मारलं, आणि मग १९४५ पासून १९५३ पर्यंत हा म्हातारा नव्या देशाचा नामधारी प्रमुख होऊन बसला. कारभार पंतप्रधान टिटोच्या हातात. वहीत मी रिबारना पहिल्या पानावर घेतलंय, उगाच, माझ्या समाधानासाठी.

टिटो मूळचा कुलुपं-किल्ल्या करणारा कारागीर. १९४८ मध्ये त्याचं स्टालिनशी फाटलं आणि तरी तो टिकला, हे त्या काळात सोपं नव्हतं. १४ जानेवारी १९५३ ला, म्हणजे आपल्याकडे सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेच्या दिवसांत, तो अध्यक्ष झाला आणि ४ मे १९८० ला मरेपर्यंत अध्यक्षच राहिला. १९७४ च्या घटनेनं त्याच्यापुरती मुदतीची अटच काढून टाकली. आपल्याकडे त्याचं कौतुक होतं ते नेहरूंमुळे. १९५४ च्या डिसेंबरात तो भारतात येऊन गेला, दिल्लीत त्याच्या नावाचा रस्ता आहे, आणि त्याच्या अंत्ययात्रेला इंदिराबाई स्वतः बेलग्रेडला गेल्या होत्या.

पण त्याच्याच हयातीत ठरलं होतं की आपल्यानंतर दुसरा टिटो नको. सहा प्रजासत्ताकं आणि दोन स्वायत्त प्रांत, असे आठ जण मिळून अध्यक्षमंडळ. अध्यक्षपद आळीपाळीनं, एकेक वर्ष. क्रमही ठरलेला : मॅसेडोनिया, बोस्निया, स्लोव्हेनिया, सर्बिया, क्रोएशिया, माँटेनेग्रो, व्हॉयव्होडिना, कोसोव्हो. मग पुन्हा पहिल्यापासून. कोलिशेव्स्की टिटोच्या मृत्यूच्या दिवशी उपाध्यक्ष होता, त्यामुळे त्याच्या वाट्याला अकराच दिवस आले. १५ मेला खुर्ची मियातोविचकडे. आमच्या भिशीत सुद्धा एवढं शिस्तीत चालत नाही.

टिटोचा वाढदिवस २५ मेला साजरा व्हायचा (खरा ७ मेचा). त्यासाठी देशभरातली पोरं एक दंडुका या हातातून त्या हातात देत, पळत पळत बेलग्रेडला आणायची. तो गेल्यावरही काही वर्षं हे चालूच होतं. घेणारा नाही आणि दंडुका येतोय! 'टिटोनंतर टिटोच' अशी घोषणाच होती तिथे.

आता आमच्या बिल्डिंगचं सांगतो.

जुळे सोलापुरात आमचे आठ फ्लॅट. एकमेकांशी मराठी, घरात कुणी तेलुगू, कुणी कन्नड, दोन घरांत उर्दू. एक नंबरच्या अक्कांना चारही येतात आणि भांडण कुठल्या भाषेत करायचं ते त्या माणूस बघून ठरवतात. सुरुवातीची अकरा वर्षं जागामालक तात्याच चेअरमन. तात्यांनी बोललेलं कुणी मोडलं नाही. ते गेले आणि कुणी कुणाचं ऐकेना, तेव्हा मीच सुचवलं : फ्लॅट नंबरनुसार एकेक वर्ष घ्या. कुठून सुचलं ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढचंही विचारलं असतं.

तीन वर्षं सुरळीत गेली. एक एप्रिलला जुन्या चेअरमननं नव्याकडे दोन वस्तू द्यायच्या, रेक्झिनच्या पुठ्ठ्याचं रजिस्टर आणि मोटारीची किल्ली. ही किल्ली महत्त्वाची. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, कधी रात्री दोनला. उठून कुलूप उघडायचं, हौदातलं पाणी टाकीत चढवायचं. तात्यांचा हार घातलेला फोटो तिथेच, मोटारीच्या पेटीवर लावलाय. रात्रीची झोप घालवणारी ही किल्ली कुणाला नको असायची. लोक पाळी आली की गावाला जायचे. मग दोन वर्षांपूर्वी गच्चीवर मोबाईलचा टॉवर आला. टॉवरचं भाडं सुरू झालं आणि किल्ली सगळ्यांना हवीशी वाटायला लागली.

यंदा चार नंबरवाल्यांनी पाच नंबरच्या सरांकडे किल्ली द्यायची होती. दिली नाही. "रंगाचं काम अर्धं आहे, संपवून देतो." रंगाचं काम सुरूच झालेलं नाही. मीटिंग झाली. सात आणि आठ नंबर चार नंबरवाल्यांच्या पुण्याच्या भावांचे. त्यांची सहीची पत्रं यांच्याच खिशात. म्हणजे तीन मतं त्यांची. एक, दोन, तीन आणि पाच सरांच्या बाजूचे, चार मतं. बहुमताला पाच लागतात. राहिलो मी. फ्लॅट नंबर सहा.

तुम्ही म्हणाल, हा जुळवून सांगतोय. मलाही त्या रात्री वही काढून बघावी लागली.

१५ मे १९९१. सर्बियाच्या योविचची मुदत संपली, पाळी क्रोएशियाच्या मेसिचची. एरवी हात वर करायचे आणि चहा प्यायचा, एवढंच काम. पण १९८९ मध्येच सर्बियानं कोसोव्हो आणि व्हॉयव्होडिनाची स्वायत्तता काढून घेतली होती. खुर्च्या तीन, हात एकाचा. मेसिचला चार मतं पडली, पाच लागत होती. माँटेनेग्रोनं त्याला मत दिलं नाही. माँटेनेग्रो यादीत सहावा.

देश तोवर आतून पोखरलेलाच होता. डोक्यावर परदेशी कर्ज, १९८९ मध्ये महागाई हजार टक्क्यांच्या पुढे, १९९० च्या जानेवारीत दहा हजार जुन्या दिनारांचा एक नवा दिनार. नुसत्या एका मतानं देश मोडत नाही, हे मलाही कळतं. पण जवळजवळ सात आठवडे त्या देशाला अध्यक्ष नव्हता, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत, २५ जूनला, स्लोव्हेनिया आणि क्रोएशियानं स्वातंत्र्य जाहीर केलं. दोन दिवसांत स्लोव्हेनियात सैन्य उतरलं. मग युरोपातले मंत्री धावत आले, आणि १ जुलैला मेसिच खुर्चीत बसला. बसून काय करणार? डिसेंबरात तो निघून गेला, पुढे क्रोएशियाचा दहा वर्षं राष्ट्राध्यक्ष झाला. १९९२ च्या एप्रिलपर्यंत जुना देश कागदावरूनही गेला. त्यानंतर बोस्नियात जे झालं ते मी वहीत लिहिलेलं नाही. श्पिल्याकनं जिथे ऑलिंपिकचं उद्घाटन केलं, त्याच सारायेव्होला पुढे जवळजवळ चार वर्षं वेढा पडला होता.

माझ्या वहीत १५ मे १९९१ ची ओळ कोरी आहे. मी रोज वाचनालयात जाऊन नवं नाव शोधत होतो. २१ मेला राजीव गांधींची हत्या झाली आणि पेपरात दुसरं काही उरलंच नाही. मला वाटलं, आपलीच बातमी चुकली. नाव निवडलंच गेलं नव्हतं हे कळायला महिने गेले, आणि तोवर वहीत लिहायची इच्छा गेली.

तर मीटिंगमध्ये मी काय केलं? म्हटलं, "माझं तटस्थ धरा." चार नंबरवाले आमच्या कारखान्याच्या मालकांचे साडू. मुलाला तिथे चिकटवलंय दोन वर्षांपूर्वी. रंगाचं काम होऊ द्या, एवढी घाई काय, असंही काहीतरी बोललो. सर माझ्याकडे बघत राहिले. ते शाळेत इतिहास शिकवायचे, पण त्यांना माझी वही माहीत नाही. अक्का उठता उठता तेलुगूत काहीतरी म्हणाल्या. मला समजेल अशा भाषेत म्हणाल्या नाहीत.

काल रात्री पावणेतीनला पाणी आलं. हौदात धार पडल्याचा आवाज माझ्या खिडकीत येतो. चार नंबरवाले लग्नाला लातूरला गेलेत, किल्ली त्यांच्यासोबत. मी खिडकीतून खाली बघितलं. सर लुंगीवर, मोबाईलची बॅटरी लावून मोटारीच्या पेटीसमोर उभे होते. कुलूप एकदा हातात घेऊन बघितलं, सोडून दिलं. मग वर बघितलं. मी दिवा लावलेला नव्हता.