दुसरा स्क्रू आवळला की शॉर्ट

नाशिकच्या जेल रोडचे काका रेल्वेतून निवृत्त झालेले. गच्चीवरच्या खोलीत त्यांनी एन स्केलमध्ये, म्हणजे १:१६० प्रमाणात, कसारा-इगतपुरी घाटाची मॉडेल रेल्वे मांडायला घेतलीय. रुळांमधलं अंतर ९ मिलिमीटर, चढ मात्र खऱ्या घाटाइतकाच, ३७ला १. गाडीला पुढे एक इंजिन आणि मागून ढकलायला बँकर. साध्या डीसीवर, म्हणजे रुळातलं व्होल्टेज कमी-जास्त करून गाडी चालवताना, नेमकं हेच जमत नाही. रुळात व्होल्टेज सोडलं की दोन्ही इंजिनं एकदमच निघतात. डीसीसीत, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोलमध्ये, रुळावर कायम पूर्ण व्होल्टेजची चौकोनी लाट असते आणि तिच्या लांबीतच हुकूम भरलेला असतो. ‘एक’ची अर्धी लाट ५८ मायक्रोसेकंदांची, ‘शून्या’ची १०० किंवा जास्त. इंजिनातला डीकोडर आपल्या पत्त्याचा हुकूम तेवढा उचलतो आणि मोटर चालवतो.

बँकरचं मॉडेल अमेरिकन अल्को कंपनीच्या डिझेलचं, सहा धुऱ्यांचं, डीसीसी येण्याआधीच्या बांधणीचं. काकांनी ते रंगवून भारतीय रेल्वेचं डब्ल्यूडीएम-२ डिझेल केलेलं. मूळ डब्ल्यूडीएम-२ सुद्धा अल्कोचीच, त्यामुळे सोंग बऱ्यापैकी वठलं होतं.

“काका, कसाऱ्याचे बँकर विजेचे असतात. हे डिझेल आहे.”

“माझा घाट, माझा बँकर. तू डीकोडर बसव.”

आधी मोटर तपासली. १२ व्होल्ट डीसीवर मोकळं चालताना ०.०९ अँपियर, फ्लायव्हील चिमटीत धरून जॅम केल्यावर ०.५५. डीकोडर १ अँपियरचा, म्हणजे निभावणार. हे माप घेतल्याशिवाय मी डीकोडरचं पाकीटही फोडत नाही. तो परदेशातून मागवावा लागतो आणि जळाला तर पुन्हा वाट बघत बसायची.

या जुन्या एन स्केल इंजिनांची फ्रेम म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूचे दोन जड अर्धे भाग, मध्ये मोटर दाबून धरलेली. डावा अर्धा डाव्या रुळाशी जोडलेला, उजवा उजव्याशी, आणि मोटरच्या ब्रशांच्या, म्हणजे तिला वीज देणाऱ्या टोकांच्या, तांब्याच्या पट्ट्या थेट या अर्ध्यांना टेकलेल्या. डीसीवर हे झकास चालतं, वायर लागतच नाही. डीसीसीत मोटर आणि रूळ यांच्यामध्ये फक्त डीकोडरच असला पाहिजे. ब्रशाची पट्टी कुठेही फ्रेमला लागली की रुळाचं व्होल्टेज उलट्या बाजूने डीकोडरच्या मोटर आउटपुटवर येतं, आणि मग डीकोडर जळाल्याचं नाकाला कळतं.

डीकोडरला जागा करायला मोटरच्या वर, केबिनच्या बाजूला फ्रेम कानशीने उतरवली. १५ मिलिमीटर लांब, ९ रुंद, ४ खोल. मोटर आणि गिअर आधी काढून दूर ठेवले. जस्ताचा चुरा चुंबकाला चिकटत नाही, म्हणून तो चुंबक फिरवून गोळाही करता येत नाही. गिअरमध्ये शिरला तर साफसफाईचा ब्रश मारत बसा. नंतर दोन्ही अर्धे आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतले, ब्रशांच्या पट्ट्या आत वाकवल्या, फ्रेमला आतून कॅप्टॉन टेपचा, म्हणजे वीज अडवणाऱ्या पातळ टेपचा, एक थर दिला आणि मोटर परत बसवली. पुढचा स्क्रू आवळला, मल्टीमीटर बझरवर ठेवून दोन्ही ब्रश दोन्ही अर्ध्यांशी तपासले. चारही वेळा गप्प, म्हणजे कुठेच जोड नाही.

इथेच घाई झाली. मागचा स्क्रू नुसता हाताने टेकवलेला होता आणि मी वायरी जोडायला घेतल्या. लाल उजव्या फ्रेमला, काळी डाव्या, नारिंगी वरच्या ब्रशला, करडी खालच्या. दिव्यासाठी जुना बल्ब काढून ०६०३ मापाचा चिमुकला पांढरा एलईडी लावला. निळी वायर धन टोकाला, पांढरी ३.३ किलोओहमच्या रेझिस्टरमधून ऋण टोकाला. १ किलोओहमही चालतो, पण एवढ्याशा इंजिनाचा दिवा मग मोटारसायकलचा वाटतो. एलईडीला डीकोडरसोबतच्या वायरी जाड पडतात, म्हणून तिथे सातपूरच्या मोटर वाइंडिंगवाल्याकडची ३८ गेजची बारीक, इनॅमलचा लेप असलेली वायर वापरली. टोकाचं इनॅमल ब्लेडने खरवडलं नाही तर सोल्डर धरत नाही.

मग मागचा स्क्रू आवळला, इंजिन प्रोग्रॅमिंग रुळावर, म्हणजे डीकोडरच्या नोंदी लिहा-वाचायच्या वेगळ्या रुळावर, ठेवलं आणि पत्ता वाचायला सांगितला. कमांड स्टेशनवर, म्हणजे रुळात हुकूम सोडणाऱ्या यंत्रावर, शॉर्ट.

सगळं नीट असतं तर नव्या डीकोडरने ३ हा कारखान्याचा पत्ता सांगितला असता. उत्तर देताना डीकोडर मोटरला क्षणभर साधारण ६० मिलिअँपियर ओढायला लावतो, त्यामुळे इंजिन बारीकसं दचकतं. ते दचकणं दिसलं नाही. प्रोग्रॅमिंग रुळावर करंट २५० मिलिअँपियरला रोखलेला असतो, म्हणून डीकोडर वाचला. मुख्य रुळावर ठेवलं असतं तर तिथून चांगले काही अँपियर आले असते.

मीटर पुन्हा लावला तर आकडे काहीच्या काही. डीकोडर जोडलेला असताना ब्रश आणि फ्रेममध्ये त्याच्या आतले डायोड येतात, त्यामुळे माप खोटं दिसतं. नारिंगी आणि करडी सोडवली तेव्हा खरं कळलं. खालचा ब्रश आणि डावी फ्रेम, बझर वाजतोय. मागचा स्क्रू अर्धा फेरा सैल केला, गप्प. आवळला, पुन्हा वाजला.

फ्रेम उघडली. टेप वरवर पाहता अखंड. घड्याळजीच्या भिंगाखाली खालच्या कडेला सुईच्या टोकाएवढं भोक, आणि बरोबर त्याच्यामागे कानशीने उठलेली बर, म्हणजे धातूचा बारीक काटा, चकचकीत. स्क्रू सैल असताना पट्टी तिच्यापासून केसभर लांब राहायची, आवळला की टेप फोडून भिडायची. एका स्क्रूवर केलेल्या तपासणीत हे सापडणं शक्यच नव्हतं.

बर ब्लेडने खरवडली, कड बोटाला गुळगुळीत लागेपर्यंत. मग ‘असू दे थोडं जास्त’ म्हणून टेपचे दोन थर दिले आणि नवी भानगड उभी राहिली. शॉर्ट गेला, पण डीसीवर मोकळं चालताना ०.०९च्या जागी ०.१४ अँपियर. थर वाढल्याने मोटर तिरकी बसली होती आणि वर्म, म्हणजे मोटरच्या दांड्यावरचा पेच, गिअरवर चढत होता. हाताने फिरवताना एकाच जागी अडकल्यासारखं जाणवायचं. असं इंजिन सपाटीवर चालतं, पण ३७ला १वर डबे ढकलताना मोटर तापते. एक थर काढला, त्याऐवजी ब्रशाची पट्टी अर्धा मिलिमीटर छाटली. पुन्हा ०.०९. दोन्ही स्क्रू पूर्ण आवळून चारही मापं घेतली आणि मगच नारिंगी-करडी जोडली.

यावेळी स्टेशनने ३ सांगितला आणि इंजिन दचकलं.

पत्ता काकांनी १७११५ सांगितला होता, पण डीसीसीचा लांब पत्ता १०२३९च्या पुढे जात नाही, म्हणून मागचे चार, ७११५. स्टेशन ही आकडेमोड स्वतः करतं, पण हाताने लिहायची झाली तर ७११५ला २५६ने भागून भाग २७, बाकी २०३. २७मध्ये १९२ मिळवून सीव्ही १७ला २१९, आणि सीव्ही १८ला २०३ (सीव्ही म्हणजे डीकोडरमधली नोंदीची क्रमांक दिलेली जागा). सीव्ही २९ ठेवला ३४ : २ वेगाच्या २८ पायऱ्यांचे, ३२ लांब पत्त्याचे. डीसीवर चालण्याची सोय, म्हणजे ४, मुद्दाम गाळली. ती चालू राहिली तर सिग्नलमधल्या खरखरीला डीकोडर डीसी समजू शकतो आणि इंजिन सुसाट सुटतं. घाटात ते परवडणारं नाही.

इंजिन पहिल्यांदा उलटं पळालं. नारिंगी-करडीची अदलाबदल झालेली. पुन्हा सोल्डरला हात न लावता सीव्ही २९मध्ये १ मिळवला, ३५.

संध्याकाळी काकांच्या गच्चीवर सात डबे लावून पाहिले. बँकरला मागून हळू सोडायचं म्हणून सीव्ही ३ म्हणजे वेग धरण्याचा काळ १२ केला. पुढच्या इंजिनातल्या डीकोडरचा तो ५च होता. दोघांचे आकडे वेगळे राहिले तर सुरुवातीला पुढचं इंजिन डबे ओढतं आणि मागचं अजून उभंच असतं, मधले कपलर ताणले जातात. दोन्हीकडे १२ केल्यावर गाडी एकजीव उठली. इंजिनाच्या खोक्याच्या झाकणाला आतून सगळ्या सीव्हींचा कागद चिकटवून दिला.

काका आणखी एक इंजिन शुक्रवारी आणणार आहेत. त्याची फ्रेम मी उघडून पाहिली आहे. मोटरच्या वर दीड मिलिमीटर जागा आहे.