२६ फुटी जुनी बोट घेताना: माझा अनुभव

पहिली बोट आम्ही घेतली नाही. सांगायला सुरुवात तिथूनच करते, कारण खरं शिक्षण त्या न घेतलेल्या बोटीपाशीच झालं.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, पोर्ट्समथजवळ, आम्ही तीस वर्षं राहतोय. माझं माहेर हर्णैचं. लहानपणी पुळणीवर मासळीचा लिलाव चालायचा, समोर सुवर्णदुर्ग आणि नांगरलेल्या होड्या. आम्हा मुलींना होडीत पाय ठेवू देत नसत. मी काठावरून बघून बघून सगळं मनात साठवलं. पुढे लग्न, परदेश, इस्पितळातल्या प्रयोगशाळेची नोकरी, मुलांची शिक्षणं. निवृत्तीला दोन वर्षं उरली तेव्हा यजमानांना म्हटलं, आता बोटीचं बघू या.

या देशात हौशी खासगी बोट चालवायला परवाना सक्तीचा नाही. तरी शिकल्याशिवाय समुद्रात जायचं नाही हे आमचं ठरलेलं होतं. रॉयल यॉटिंग असोसिएशन या इथल्या नौकानयन संस्थेचे पाच-पाच दिवसांचे दोन कोर्स दोघांनीही केले, आधी कॉम्पिटंट क्रू म्हणजे खलाशाचा, मग डे स्किपर म्हणजे बोट चालवणाऱ्याचा. बोटीवरून बोलायचा व्हीएचएफ रेडिओ वापरायचं प्रमाणपत्र मात्र कायद्यानं लागतं, तेही घेतलं. लेक म्हणाली, "आई, गुडघ्यांचं काय?" गुडघ्यांचा विचार करूनच २६ फूट हा आकडा धरला होता. एवढ्या बोटीचं शीड एकट्या माणसाला आवरतं आणि आत ताठ उभं राहून चहाही करता येतो.

तर ती पहिली बोट. पांढरीशुभ्र, आतल्या गाद्या नव्या, पितळ लखलखीत. मागितले होते ७,५०० पौंड. सर्व्हेच्या, म्हणजे जाणकाराकडून बोट तपासून घ्यायच्या, अटीवर आम्ही ऑफर दिली आणि दहा टक्के अनामत भरली. बोट क्रेननं बाहेर काढायचा खर्च आणि सर्व्हेअरची फी, दोन्ही घेणाऱ्याकडे. सर्व्हेअरनं एक छोटी प्लास्टिकची हातोडी काढली आणि बोटीच्या बुडावर वीतभर अंतरानं ठोकत निघाला. माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो, अगदी तसं. बराच वेळ खणखणीत आवाज येत होता. सुकाणूजवळ आल्यावर आवाज बद्द झाला. तिथे रंगाखाली हरभऱ्याएवढे फोड होते. त्यानं एक फोडला आणि हाताचं ओलं बोट माझ्या नाकाशी धरलं. व्हिनेगरसारखा आंबट वास. फायबरग्लासमध्ये पाणी मुरून आतून रासायनिक क्रिया होते, त्याला इथे ऑस्मोसिस म्हणतात. फोड वरवरचे असतील तर एवढी काळजी नसते, पण हे खोलवर गेलेले होते. वरचा थर सोलायचा, बोट महिनोन्‌महिने वाळवायची, मग नवे थर चढवायचे. हा खर्च बोटीच्या किमतीच्या वर गेला असता.

अनामत परत मिळाली. सर्व्हे आणि क्रेनचे मिळून ८५० पौंड गेले. यजमान चार दिवस गप्प होते. मला ते पैसे वाया गेलेले वाटत नाहीत. जुनी बोट घेताना सर्व्हेत काटकसर करणं मला पटत नाही, मग विकणारा कितीही ओळखीचा असो.

त्यानंतर सहा-सात महिने आम्ही बोटी बघत हिंडलो. आतल्या फळ्या उचलून टॉर्च मारायची सवय लागली. तळाशी पाणी दिसलं की हाताचं बोट त्यात बुडवून जिभेला लावायचं. गोडं असेल तर पाऊस डेकवरून गळतोय, खारं असेल तर दुखणं खाली आहे.

दोन कीलची बोट हवी हेही याच काळात ठरलं. कील म्हणजे बुडाखालचं जड पातं. इथे उधाणाला पाणी चार मीटरच्या आसपास चढतं-उतरतं आणि ओहोटीला खाड्यांमध्ये नुसता चिखल उरतो. दोन कील असल्या की बोट त्या चिखलावर दोन पायांवर उभी राहते, कलंडत नाही. त्यामुळे मरीनातल्या, म्हणजे बोटींच्या धक्क्यावरच्या, महागड्या जागेऐवजी खाडीतलं साधं मूरिंग, म्हणजे बोट बांधून ठेवायची जागा, चालतं. वर्षाच्या खर्चात याचा फार फरक पडतो.

शेवटी मिळाली ती वेस्टर्ली कंपनीची सेंटॉर, दोन कीलची, १९७६ ची. पोर्ट्समथजवळच वॉटरलूव्हिलला या बोटी बनायच्या, आणि १९६९ ते १९८० या काळात २,४०० च्या वर बनल्या. संख्या एवढी मोठी असल्यानं सुटे भाग आणि माहितगार माणसं आजही भेटतात. मालक ८१ वर्षांचे, बोट चिचेस्टर हार्बरच्या एका खाडीत. त्यांनी समोर एक वही ठेवली. कोणत्या साली कोणता बोल्ट बदलला, सगळं पेन्सिलीनं लिहिलेलं. ती वही बघून माझं निम्मं मन तिथेच बसलं.

सर्व्हे याही बोटीचा केला. बुडाचा आवाज खणखणीत. दोन्ही कील जिथे बुडाला जोडतात तिथे वर्षानुवर्षं चिखलावर टेकून ताण येतो, म्हणून तिथे आतून-बाहेरून तासभर तपासणी झाली. दोष निघाला तो दोन सीकॉकमध्ये. बोटीच्या बुडाला असलेल्या भोकांवर हे पितळी कॉक बसवलेले असतात. सर्व्हेअरनं सुरीनं खरवडलं तर धातू पिवळा दिसायच्या ऐवजी गुलाबी दिसला. खाऱ्या पाण्यात पितळातलं जस्त निघून जातं आणि मागे राहतो तो ठिसूळ सांगाडा. एक धक्का लागला की तुटतो, आणि बोट उभ्या जागी बुडते. डोलकाठीच्या तारा १४ वर्षांच्या होत्या, त्या बदलल्याशिवाय विमा कंपनी तयार नव्हती. ६,००० वरून सौदा ४,८०० ला ठरला. वर दुरुस्तीला ३,१०० लागले. बोटीला जेवढे पैसे मोजाल, जवळपास तेवढेच पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा, असं मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

कागदपत्रांना फार वेळ लागला नाही. खरेदीखतावर बोटीचे ६४ हिस्से लिहिलेले असतात, ही इथली जुनी पद्धत, आणि ते सगळेच्या सगळे ६४ आमच्या नावावर व्हायला हवेत. व्हॅट भरल्याचा पुरावा हा जुन्या बोटींचा नाजूक भाग. १९८५ च्या आधीपासून वापरात असलेली आणि १९९२ च्या ३१ डिसेंबरला युरोपीय समुदायात (आजचा युरोपीय संघ; ब्रिटन तेव्हा त्यात होतं) असलेली बोट व्हॅट भरलेली धरतात, पण ती तिथे होती हे दाखवावं लागतं. मालकांच्या फाईलमधून १९९२ ची मूरिंगची पावती निघाली. कडा पिवळ्या पडलेल्या, शाई शाबूत.

ताबा देताना मालक पूर्ण दिवस आमच्याबरोबर थांबले. इंजिन बंद करायचा खटका ओढला की तो परत आत ढकलायचा, नाहीतर दुसऱ्या दिवशी इंजिन लागत नाही, हे त्यांनी दोनदा करून दाखवलं आणि चिकटपट्टीवर लिहून खटक्याशेजारी लावलं. ती पट्टी मी अजून काढलेली नाही.

हर्णैला वडील भरतीची वेळ तिथीवरून काढायचे. तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं. पोर्ट्समथलाही उधाणाची भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपासच येते, त्यामुळे हा हिशोब इथेही जमतो, फक्त उन्हाळ्यात घड्याळाचा एक तास वाढवायचा. बोट मी भरती-ओहोटीच्या छापील वेळापत्रकावरच, टाइड टेबलवरच, चालवते. पण कालनिर्णयही बोटीवर टांगलेलं आहे.

पहिली रात्र आम्ही बोटीवर काढली तेव्हा तृतीया होती. म्हणजे सव्वादोन, वर एक तास, सव्वातीनला पहाटेची भरती. संध्याकाळी साडेपाचला बोट चिखलावर टेकली आणि आजूबाजूची खाडी रिकामी झाली. आम्ही पिठलं-भात खाल्ला. रात्री पाऊण वाजता बुडाखाली खळखळ सुरू झाली. आधी उजवी कील सुटली, बोट किंचित तिरकी झाली, मग डावी सुटली आणि बोट हळूच वळली.

यजमानांनी डोळे न उघडताच विचारलं, "आलं का पाणी?"

"आलं," मी म्हटलं.