डॉबरमनची शेपटी आणि विलायतेचा दाखला

डॉबरमनच्या पिल्लाची शेपटी कापावी का, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. डॉबरमन किंवा रॉटवायलरचं पिल्लू घेऊन येणाऱ्या बऱ्याच जणांचा पहिला प्रश्न लसीचा नसतो. ‘डॉक्टर, शेपटी कधी कापायची?’ हा असतो. मी कापत नाही म्हटलं की पुढचा मुद्दा तयारच: ‘पण विलायतेत कामाच्या कुत्र्यांच्या कापतात ना? तिथे तर कायद्यानं परवानगी आहे म्हणे.’

आहे. पण कुणाला, ते बघा. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २००७ पासून शेपटी कापायला बंदी आहे. सूट मिळते ती बंदुकीच्या शिकारीत, पोलीस-लष्करात, बचावकार्यात किंवा उंदीर-घुशी मारायच्या कामाला जाणाऱ्या कुत्र्यांना. त्यांतही प्रकार ठरलेले: स्पॅनियल, टेरियर आणि सावज हुडकून, दाखवून, पडलं की आणून देणारी पॉइंटरसारखी कुत्री. पिल्लू पाच दिवसांचं व्हायच्या आत, पशुवैद्याच्याच हातून, आणि ते कामालाच जाणार याचा पुरावा दिल्यावर. या यादीत डॉबरमन नाही, रॉटवायलर नाही, बॉक्सरही नाही.

स्पॅनियलला सूट का, तेही समजून घेण्यासारखं आहे. फेझंट हा शिकारीचा पक्षी काटेरी झुडपांच्या जाळीत दडून बसतो आणि त्याला उठवायला स्पॅनियल थेट त्या जाळीत घुसतो. वास लागला की त्याची शेपटी इतकी जोरात हलते की नुसती धूसर दिसावी. शेंड्याला मांस असं नसतंच. बारीकसे मणके, वर ताणलेली कातडी. काट्यांवर आपटून ती फाटते, आणि शेपटी हलायची थांबत नाही म्हणून जखम रोज नव्याने उघडते.

स्कॉटलंडने २००७ मध्ये बंदी घातली तेव्हा कामाच्या कुत्र्यांनाही सूट दिली नव्हती. पुढे ग्लासगो विद्यापीठाच्या लोकांनी मालकांकडून माहिती भरून घेतली. २०१०-११ च्या शिकारीच्या हंगामात कामाच्या कुत्र्यांपैकी १३.५ टक्क्यांना शेपटीला एकदा तरी लागलं होतं, आणि अखंड शेपटीच्या स्पॅनियलमध्ये हे प्रमाण निम्म्याच्या वर, ५६.६ टक्के. आता अशा पाहणीत ज्याच्या कुत्र्याला लागलंय तोच आधी फॉर्म भरणार, हे कुणीही सांगेल. तरी आकडा अगदीच झटकून टाकण्यासारखा नाही. २०१७ मध्ये स्कॉटलंडने स्पॅनियल आणि पॉइंटर गटाला मोकळीक दिली, तीही शेपटीचा शेवटचा तिसरा हिस्सा, फार तर तेवढाच. टेरियरला तिथे सूट नाही. आपल्याकडे डॉबरमनचं जे दोन बोटांचं थुटूक ठेवतात, ते यात कुठेच बसत नाही.

याच्या उलट, ब्रिटनमधल्या दवाखान्यांत आलेल्या १,३८,२१२ कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा शेपटीच्या दुखापतीचं प्रमाण निघालं ०.२३ टक्के. एक दुखापत टाळायला साधारण पाचशे पिल्लांच्या शेपट्या कापाव्या लागतील, असा त्याचा हिशेब. रोज काटेरी जाळीत शिरणाऱ्या स्पॅनियलचं गणित वेगळं आणि सोसायटीच्या गच्चीवर फिरणाऱ्या डॉबरमनचं वेगळं. पहिल्याचा दाखला देऊन दुसऱ्याची शेपटी उडवायची, एवढंच इथे चाललेलं असतं.

आणि कामासाठीच कापायची, तर त्याच रानात, त्याच माणसांबरोबर जाणारा लॅब्राडोर अखंड शेपटीचा कसा? इंग्लिश पॉइंटरची शेपटी पूर्ण, जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटरची कापलेली. काम जवळपास एकच. माझं मत विचाराल तर यात दुखापतीपेक्षा सवयीचा भाग मोठा आहे.

लॅब्राडोरवरून आठवलं. शेपटीची सगळ्यात चिवट जखम मी लॅब्राडोरलाच बघतो. फ्लॅट लहान, कुत्रा आनंदी. घरी कुणी आलं की शेपटी भिंतीवर, दाराच्या जाळीवर धाडधाड आपटत राहते. शेंडा फुटतो आणि पांढऱ्या भिंतीवर रक्ताचे शिंतोडे उडतात. बँडेज अर्ध्या तासात गायब. मग मोठ्या सिरिंजचं पुढचं टोक कापून ती नळी ड्रेसिंगवर टोपीसारखी चढवायची, हवेला भोकं पाडायची आणि केसांपर्यंत वर चिकटपट्टी घ्यायची. बहुतेक वेळा भागतं. नाहीच भरली जखम, तर भूल देऊन शेंडा काढतो. ते उपचार झाले. पण लॅब्राडोरचं धडधाकट पिल्लू आणून ‘पुढे लागेल म्हणून आत्ताच कापा’ असं मला कुणी म्हटलेलं नाही.

‘चोर शेपटी धरेल’ हेही ऐकतो. डॉबरमन अंगावर येत असताना त्याच्या मागे जाऊन शेपटी धरणारा चोर मला एकदा बघायचाय. अपोल्डा गावच्या ज्या लुई डॉबरमनने ही जात तयार केली, त्याच्या जर्मनीतच आता डॉबरमनची शेपटी कापता येत नाही.

आपल्याकडे खरंच कामाचा कुत्रा म्हणाल तर कारवानी, आपला देशी शिकारी कुत्रा. ससा पळता पळता एकदम वळतो, तेव्हा मागचा कारवानी सुकाणूसारखी शेपटी फेकून वळण घेतो. त्याची शेपटी कापायचं कुणा कारवानीवाल्याच्या मनात येणार नाही.

शेपटी बोलायलाही लागते. कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी यांत्रिक कुत्र्याला कधी लांब, कधी आखूड शेपटी लावून मोकळ्या कुत्र्यांसमोर ठेवलं. लांब शेपटी हलत असली तर मोठी कुत्री जवळ येत, स्थिर असली तर बिचकत. आखूड शेपटी हलली काय नि न हलली काय, त्यांच्या वागण्यात फरक पडत नव्हता.

कायद्याचं विचाराल तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावराचा अवयव तोडून त्याला विद्रूप करणं हा गुन्हा आहे. शिंगं काढणं, खच्ची करणं, डाग देणं, वेसण घालणं याला ठरलेल्या पद्धतीने सूट आहे. शेपटीचा त्या सवलतीत उल्लेख नाही.

‘इतक्या लहानपणी त्यांना काही कळत नाही’ म्हणणाऱ्याने एकदा समोर उभं राहावं. डोळेही न उघडलेलं पिल्लू कात्री लागताच किंचाळतं. कात्रीऐवजी शेपटीला घट्ट रबर बांधलं तर किंचाळणं कमी, पण शेपटी काळी पडून गळेपर्यंत काही दिवस जातात.

तुम्हाला शेपटीवालं पिल्लू हवं असेल तर मला विचारून उपयोग नाही. माझ्याकडे तुम्ही येता पिल्लू दीड महिन्याचं झाल्यावर, आणि ब्रीडरने शेपटी उडवलेली असते तिसऱ्या-चौथ्या दिवशी. कुत्री गाभण आहे कळलं की तेव्हाच जाऊन सांगा, जमलं तर ॲडव्हान्स देताना लिहून घ्या. ‘शेपटीवालं कुणी घेत नाही, साहेब’ असं तो म्हणेल. तुम्ही घेताय, हे त्याला सांगा.