मसूर डाळीचं उटणं लावताना

दोन चमचे मसूर डाळ मिक्सरमध्ये कोरडीच दळा आणि मैद्याच्या चाळणीने चाळा. हे चाळणं टाळू नका. वर उरलेली कणी टोचते. ती कोपरं-टाचांना ठेवा, चेहऱ्याला नको. पिठात चिमूटभर आंबेहळद घाला. त्वचा तेलकट असेल तर दही, कोरडी असेल तर साय, सरसरीत होईल इतकीच.

चेहरा ओला करून बोटांच्या टोकांनी अर्धा मिनिट हलक्या हाताने गोल फिरवा, लगेच धुवा. वाळू दिलंत तर काढताना खरवडावं लागतं आणि गाल लाल होतात. आठवड्यातून एकदा पुरे. मुरुमं पिकलेली असतील तर अजिबात घासू नका.

लिंबू-साखरेच्या नादी तर लागूच नका. साखरेचे दाणे धारदार असतात, आणि लिंबाचा रस लावून उन्हात गेलात तर काळे चट्टे पडू शकतात.