ब्लेअर कॅसल: तीन भाऊ आणि एक किताब

स्कॉटलंडमध्ये पर्थहून इन्व्हर्नेसकडे जाणाऱ्या गाडीने ब्लेअर ॲथॉलला उतरलो. थोडं चाललं की झाडांच्या रांगेपलीकडे पांढराशुभ्र ब्लेअर कॅसल दिसतो. आत शिरताच पहिल्याच दालनाच्या भिंती छतापर्यंत बंदुका, तलवारी आणि ढालींनी मढवलेल्या. हे मरे घराण्याचं घर, ॲथॉलच्या ड्यूकांचं.

राणी ॲनने १७०३ साली जॉन मरेला ड्यूक केलं. पुढे जे घडलं त्याला आपल्याकडे एकच शब्द आहे, भाऊबंदकी. हयात मुलांतला थोरला विल्यम १७१५ च्या जॅकोबाइट बंडात, म्हणजे पदच्युत स्ट्युअर्ट राजघराण्याला गादी परत मिळवून देण्यासाठीच्या उठावात, सामील झाला. सरकारने त्याला राजद्रोही ठरवलं आणि संसदेने कायदा करून वारसा धाकट्या जेम्सला दिला. १७२४ मध्ये वडील गेले, जेम्स ड्यूक झाला. पण १७४५ मध्ये विल्यम स्ट्युअर्ट राजपुत्र चार्ल्सबरोबर परतला, ग्लेनफिननला त्यानेच नव्या बंडाचं निशाण उभारलं. जेम्सला वाडा सोडून पळावं लागलं. जॅकोबाइटांच्या लेखी खरा ड्यूक विल्यमच होता.

तिसरा भाऊ लॉर्ड जॉर्ज मरे, बंडखोरांचा सेनापती. मार्च १७४६ मध्ये वाड्यात सरकारी शिबंदी होती, आणि याच जॉर्जने स्वतःच्या वडिलांच्या घराला वेढा घातला. तोफेचे गोळे लालबुंद तापवून छपरावर टाकले! ब्रिटनमध्ये एखाद्या किल्ल्याला पडलेला हा शेवटचा वेढा मानतात. त्या जाड भिंतींवर हात ठेवून मी बराच वेळ उभा होतो. ज्या घरात आपण वाढलो त्यावर तोफ रोखताना त्याला काय वाटलं असेल?

वाडा पडला नाही. जॉर्जला इन्व्हर्नेसकडे परत बोलावलं गेलं आणि पंधरवड्यात कलोडनच्या लढाईत बंडखोर हरले, सगळं संपलं. विल्यम त्याच जुलैत लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत वारला. जॉर्ज परागंदा झाला, १७६० मध्ये हॉलंडात वारला.

मला सर्वांत भावलेली गोष्ट यानंतरची. जेम्सच्या मागे मुलगा उरला नाही. त्याची मुलगी शार्लट हिचं लग्न जॉर्जच्याच मुलाशी, जॉनशी झालं होतं. चुलत भावंडांचं लग्न आपल्याकडे बहुतेक घरांत कुणी मनातही आणणार नाही, पण इथे त्यानेच घराणं पुन्हा सांधलं. बाप राजद्रोही ठरलेला, म्हणून जॉनचा हक्क हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर गेला. १७६४ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला आणि तो तिसरा ड्यूक झाला.

१९९६ मध्ये दहावे ड्यूक अविवाहित वारले. वाडा आणि जमीन त्यांनी विश्वस्त संस्थेकडे सोपवली होती. किताब मात्र रक्ताच्या नात्याने दक्षिण आफ्रिकेतल्या एका दूरच्या भाऊबंदाकडे गेला. ज्या वाड्यासाठी भाऊ भावावर उठला, तो आज कुठल्याच ड्यूकाच्या मालकीचा नाही. आम्ही तिकीट काढून त्यात हिंडत होतो.