मागची पिट्युटरी: नाव मोठं, काम गोदामाचं

मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला मास्टर ग्लँड म्हणतात ना, तर तिचा मागचा भाग त्या नावावर फुकट भाव खातो असं माझं स्पष्ट मत आहे. तो स्वतः एकही हार्मोन बनवत नाही! ऑक्सिटोसिन आणि शरीरातलं पाणी अडवणारं व्हॅसोप्रेसिन उर्फ एडीएच, दोन्ही तयार होतात वर हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागात, तिथल्या न्यूरॉनच्या (मेंदूपेशींच्या) लांबलचक तंतूंमधून, म्हणजे अ‍ॅक्सॉनमधून खाली येतात आणि टोकाशी साठून राहतात, वरून सिग्नल आला की थेट रक्तात. म्हणून तर कधीकधी मागचा भाग काढून टाकला तरी एडीएचची कमतरता काही दिवसांपुरतीच राहते, कारखाना वर चालूच असतो.

मला खरं कौतुक एडीएचचं. किडनी दिवसाला साधारण 180 लिटर पाणी गाळते आणि लघवी होते जेमतेम दीड-दोन लिटर, म्हणजे बाकी सगळं परत आत घेतलं जातं, आणि त्यातला शेवटचा हिशोब एडीएच बघतो. रक्त एक-दोन टक्के जरी घट्ट झालं तरी हायपोथॅलॅमसला कळतं, एडीएच सुटतं, किडनीच्या कलेक्टिंग डक्टमधल्या (लघवी गोळा होते त्या नळीतल्या) पेशी अ‍ॅक्वापोरिन-2 नावाच्या पाण्याच्या नळ्या पृष्ठभागावर आणून बसवतात आणि पाणी परत शरीरात. दारू एडीएच दाबते, म्हणून पिणारे सारखे बाथरूमला पळतात. आणि एडीएच बनायचंच थांबलं तर डायबेटिस इन्सिपिडस, दिवसाला दहा-दहा लिटर लघवी, तहान काही भागत नाही, साखरेशी काडीचा संबंध नाही पण नावात डायबेटिस असल्यामुळे गोंधळ ठरलेला. 2022 मध्ये नाव बदलायचं ठरलं ते बरंच झालं.

ऑक्सिटोसिनला लोकांनी लव्ह हार्मोन करून टाकलंय, असो. त्याची पक्की कामं दोन. बाळंतपणात त्याच्यामुळे गर्भाशय आकुंचन पावतं, त्याने बाळ खाली सरकतं, त्या ताणाने आणखी ऑक्सिटोसिन, बाळ बाहेर येईपर्यंत हे चढतच जातं. दुसरं, दूध बाहेर सोडणं. दूध बनवतं प्रोलॅक्टिन, ते पुढच्या भागाचं. बाळाच्या रडण्याच्या आवाजानेही पान्हा फुटतो तो ऑक्सिटोसिनमुळेच.

गंमत म्हणजे ऑक्सिटोसिन आणि एडीएच दोघंही 9 अमिनो आम्लांचे आणि फरक फक्त दोनांचा. त्यामुळे प्रसूतीत ऑक्सिटोसिनचं ड्रिप जास्त झालं, सोबत मिठाच्या सलाइनऐवजी नुसतं ग्लुकोजचं पाणी भरपूर गेलं, की किडनी त्याला एडीएचच समजते, पाणी अडवते आणि रक्तातलं सोडियम खाली येतं.