टाळ मोकळे वाजले! (एलपी-१२०एक्स, नवी सुई, भाग ३)

काल रात्री साडेअकराला माझ्या एलपी-१२०एक्स या रेकॉर्ड प्लेअरवर टाळ मोकळे वाजले. तीन आठवडे ज्या खरखरीने डोकं खाल्लं, ती गेली.

मागे लिहिलंच होतं, व्हीएम९५ई या कार्ट्रिजची (आर्मच्या, म्हणजे रेकॉर्डवर फिरणाऱ्या दांड्याच्या, टोकाला सुई धरणारी डबी) झिजलेली सुई काढून तशीच नवी बसवली. ते काम पाच मिनिटांचं. जुनी ओढून काढायची आणि नवी 'टिक्' असा आवाज येईपर्यंत दाबायची. पण भीमसेनजींच्या अभंगांची एलपी लावली, तर पहिले दोन अभंग स्वच्छ आणि लेबलाजवळ शेवटच्या अभंगात टाळ फुटलेले. 'स', 'श' थुंकल्यासारखे.

लेबलाजवळ त्रास जास्त का? बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच सरकते, आत जेमतेम २१. तेवढ्याच आवाजाच्या लाटा निम्म्याहून कमी जागेत कोंबलेल्या. म्हणून आधी अलाइनमेंटवरच, म्हणजे सुई खाचेत सरळ बसते की नाही यावरच, संशय घेतला. बेअरवॉल्डचा, म्हणजे कार्ट्रिजचा कोन जुळवायचा, कागद काढून मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिमीवर कार्ट्रिज दोनदा जुळवलं. अँटी-स्केट, म्हणजे आर्मची आतली ओढ रोखणारा जोर, कमी-जास्त केलं. रेकॉर्ड धुतली. फरक शून्य.

चूक वजनात होती. काउंटरवेटच्या, म्हणजे आर्ममागच्या वजनाच्या, कड्यावर सुईचा दाब २ ग्रॅम लावला होता, पण माझा खिशातला डिजिटल वजनकाटा २.४६ दाखवत होता. मी काट्यावर विश्वास ठेवला आणि तो २.०० म्हणेपर्यंत वजन उतरवलं. कडं तेव्हा दीडवर आलं होतं.

काल पुन्हा शून्यापासून सुरुवात केली. आर्म तोलून हवेत तरंगत ठेवला आणि काटा हळूच खाली सरकवला. सुई काट्याच्या ताटलीला टेकायच्या आधीच आर्म आपणहून खाली झुकला! काटा बाजूला घेतला, आर्म परत वर. तीन वेळा करून पाहिलं. काट्यातलं लोखंड कार्ट्रिजमधल्या चुंबकाला ओढत होतं आणि ती ओढ वजनात मोजली जात होती. म्हणजे या सुईला किमान १.८ ग्रॅम हवेत आणि मी तिला दीडावर चालवत होतो.

उपाय घरातलाच. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी पायरीसारखी वाकवून ताटलीवर चिकटवली, तिचं टोक काट्याच्या बाहेर, रेकॉर्डच्याच उंचीवर लोंबतं ठेवलं. काटा शून्य करून सुई त्या टोकावर टेकवली. कडं २ वर, काटा २.०४. टाळ किणकिणले, अगदी शेवटच्या फेऱ्यापर्यंत. मी पूर्ण बाजू उभ्यानेच ऐकली.

तेव्हा सांगून ठेवतो, असा काटा घ्याल तर आधी तरंगत्या आर्मखाली धरून पाहा. आणि चोरबाजारातून रेकॉर्डी खुशाल आणा, मीही आणतो, पण वापरलेली सुई कुठूनही घेऊ नका.

पुढे एमएल, म्हणजे आणखी बारीक टोकाची, सुई घ्यायची ठरवली होती. पण हे लिहिताना कपाटातल्या आजोबांच्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, लाखेच्या जुन्या तबकड्या) नाट्यपदांकडे लक्ष गेलं. त्यांच्या खाचा रुंद, एलपीची सुई तळाला घासते. कार्ट्रिजची बॉडी तीच ठेवून ७८साठीची, ३ मिल (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक मिल) टोकाची एसपी सुई बसते आणि या प्लेअरला ७८ची गतीही आहे. मग आधी एसपीच! तिला वजन बरंच जास्त लागतं, म्हणजे पट्टी पुन्हा कामाला येणार. तोवर त्या तबकड्या धुऊन ठेवतो, नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने. लाखेला अल्कोहोल अजिबात चालत नाही.